डब्याच्या दारातलं मीठ

बाबा, आज सकाळी ऑफिसात एक खोकं आलं. त्यात हातभर लांबीच्या पांढऱ्या पिशव्या होत्या, वर टांगायला आकडे लावलेल्या. डब्यात माल भरून झाला की या पिशव्या आतल्या कड्यांना अडकवायच्या, म्हणजे आतली दमट हवा त्या पिऊन घेतात आणि माल कोरडा राहतो. कंटेनरला तू शेवटपर्यंत डबाच म्हणालास, म्हणून मीही इथे डबाच लिहिते. पिशवीत काय भरलंय ते बारीक अक्षरांत छापलेलं होतं. चष्मा लावून वाचलं, तर ते एका जातीचं मीठच आहे. माझ्या हाताखालची मुलगी मला समजावत होती की मॅडम, ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडे जाणाऱ्या मालाला हे लागतंच, इथली हवा वेगळी, तिथली वेगळी. मी मान डोलावली, कागदावर सही केली आणि तिला चहा सांगायला पाठवलं. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला काही लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण दर वेळी मी काहीतरी दुसरं काम काढलं. आज दुसरं काम सुचलं नाही.

आपलं गाव न्हावा शेव्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. तुझं सगळं तरुणपण मिठागरात गेलं. मग बंदर आलं, मिठाच्या वाफ्यांवर मुरूम पडला, मुरमावर सिमेंट पडलं आणि त्यावर डब्यांचं यार्ड उभं राहिलं. जमीन गेलेल्या गावांतली माणसं कामाला घ्यायची होती म्हणून तुला तिथे लाकूडकामावर घेतलं. जहाजातून दहा जणांचा माल एकत्र यायचा. तो शेडमध्ये उतरवायचा, गावागणिक वेगळा करायचा आणि पुन्हा डब्यांत भरून रेल्वेने आत देशात पाठवायचा. भरलेला माल वाटेत हलू नये म्हणून त्याला लाकडी टेकू ठोकणं हे तुझं काम, त्यामुळे डब्यातून शेवटचा माणूस तूच बाहेर पडायचास. मी बारावी झाले, वाशीला जाऊन टायपिंग शिकले आणि त्याच यार्डात कारकून म्हणून लागले. पहिल्या दिवशी तू मला सायकलवर मागे बसवून नेलंस आणि गेटवरच्या वॉचमनपाशी उगाच थांबून त्याला सांगितलंस की ही माझी मुलगी, ही आतल्या टेबलावर बसणार. तीन नंबरच्या शेडपाशी पाय आपटून म्हणालास, हितं तुझ्या आज्याचा वाफा व्हता. मला लाज वाटली होती, ते मी तेव्हा दाखवलं नाही. पुढे दाखवलं, पण त्याचं मी नंतर लिहिते.

दसरा जवळ आला की यार्डाची मजा असायची. मजा म्हणजे तुझी, बाकी सगळे घामाने बेजार. पाऊस जाऊन आठवडा झालेला, खाडीवरून उठणारी वाफ, सकाळी नऊलाच शर्ट पाठीला चिकटलेला, आणि दुपारी सिमेंटवर पाय ठेववत नाही. शाळेच्या पुस्तकात आपल्या देशात तीन ऋतू असतात असं छापलेलं होतं. यार्डाच्या गेटवर उभं राहिलं की ते सगळे एकाच सकाळी आत येताना दिसायचे. मद्रासकडचा ट्रेलरवाला ओली ताडपत्री झटकत सांगायचा की आमच्याकडे पाऊस आता कुठे सुरू झालाय. गुवाहाटीहून फिरून आलेल्या रिकाम्या डब्याला चहाचा आणि बुरशीचा वास यायचा. कच्छच्या डब्यांत बारीक कोरडी धूळ. पंजाबवाले सांगायचे की भात कापून झालाय, शेतं जाळायला लागलेत, सगळीकडे धूर आहे आणि पहाटे अंगावर रजई घ्यावी लागते. तू प्रत्येक रिकाम्या डब्यात शिरायचास, पत्र्यावर तळहात ठेवून नाकाने हवा ओढायचास आणि बाहेर येऊन सांगायचास हा कुठून आला ते. पनवेलच्या पुढे तू कधी गेला नाहीस. माझा शाळेतला भारताचा नकाशा तू शेडच्या भिंतीला चार खिळ्यांनी ठोकला होतास आणि जेवणाच्या सुट्टीत मला त्यावर बोट ठेवून गावं दाखवायला लावायचास. एकदा बराच वेळ नकाशाकडे बघून म्हणालास, "येकच देस, बाय, न हवा किती जातीच्या." मी हसले. तू मात्र गंभीर होतास.

त्या हवांनीच तुला कामाला लावलं. मी लागायच्या आदल्या ऑक्टोबरला दिल्लीकडे गेलेला एक डबा तिथे उघडला, तर आतली सगळी पुठ्ठ्याची खोकी भिजून लगदा झालेली. सगळे म्हणाले, छप्पर गळकं होतं. तू म्हणालास, दसऱ्यानंतर तिकडे पाऊस कुठे पडतो. डबा परत आल्यावर तू आत बसून बाहेरून दार लावून घेतलंस, उजेडाचा ठिपकासुद्धा दिसला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना आईने स्टोव्हवरून भाताचं पातेलं उतरवून थंड लादीवर ठेवलं, थोड्या वेळाने झाकण उचललं, आणि झाकणाच्या आतून पाणी ओघळलं. तू ते झाकण आईच्या हातातून घेतलंस आणि उलटं करून बघत बसलास. आई म्हणाली, आता ते खाणार का. तू आम्हाला सांगितलंस की आपण सकाळी डबा बंद करतो तेव्हा इथली पाण्याने जड झालेली हवा आत कोंडतो, लाकूडही दमट. तिकडे रात्री थंडी पडते, पत्रा गार होतो, आणि आतली हवा छपराला चिकटून पाणी होते. पाणी आपणच इथून भरून पाठवतो. शिकलेल्या माणसांना जे कळलं नव्हतं ते तुला झाकणाकडे बघून कळलं, आणि मला वाटतं त्या दिवशी तू जेवढा खूश होतास तेवढा माझ्या लग्नातही नव्हतास.

हवा कोरडी की ओली हे कळायला यार्डात काही साधन नव्हतं. तू घरून मीठ आणलंस. दुकानातलं पांढरं नाही, गावात अजून कुणाकुणाच्या घरात मडक्यात ठेवलेलं जुनं मिठागराचं, करडं, खड्याखड्याचं. त्यातला लिंबाएवढा खडा फाटक्या जाळ्याच्या तुकड्यात बांधून तू सकाळी डब्याच्या दाराच्या दांड्याला टांगायचास. हवा दमट असली की खडा ओला व्हायचा, हाताला चिकट पाणी लागायचं. अकराच्या सुमाराला डोंगराकडून कोरडा वारा सुटायचा, खडा सुकायचा, हात लावला तर खरखरीत लागायचा. मग तू म्हणायचास, लावा दार. दुपारी एकनंतर खाडीचा वारा फिरला की पुन्हा बंदी. त्या वेळचा सुपरवायझर साताऱ्याकडचा म्हातारा होता, त्याने तुझं ऐकलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येक डब्याच्या कागदावर त्याने एक ओळ वाढवली, की हवा कोरडी असताना डबा बंद केला, आणि पुढे तुझी सही. सही तुला मी शिकवली होती, ओटीवर बसून, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर. तू पेन पटाशीसारखं दाबायचास. कागदाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तरी तुझं नाव हाताला लागायचं. दोन वर्षांत एकही डबा भिजला नाही.

मला तू आयुष्यात फार वेळा रागावला नाहीस. एकदा रागावलास ते कामावर, चार माणसांसमोर. शेडमध्ये न जाता टेबलावर बसूनच मी खोक्यांचा आकडा लिहून टाकला होता, आदल्या दिवशीचा बघून. तू येऊन उभा राहिलास आणि विचारलंस, मोजलीस का. मी म्हणाले, तेवढीच असणार. तू कागद माझ्यापुढून उचललास. आवाज चढवला नाहीस. "बगितलं नाय त लिवायचं नाय, बाय." मी उठून, डोळे पुसत, सगळी खोकी मोजली. आकडा तोच निघाला. तुला येऊन सांगितलं, तर तू म्हणालास, निघंल, पन आता तो तुजा आकडा हाय. त्याच संध्याकाळी तू मला एक पुडकं दिलंस. लुधियान्याच्या एका ट्रेलरवाल्याला तू त्याची मोडकी पेटी दुरुस्त करून दिली होतीस, त्याने त्याबदली एक स्वेटर दिला होता, तपकिरी रंगाचा, जाड लोकरीचा. ऑक्टोबरच्या उकाड्यात तो नुसता मांडीवर घेतला तरी घाम फुटत होता. मी म्हणाले, बाबा, हा मी कुठे घालू. तू म्हणालास, थंडी बघायला जाशील तेव्हा घाल.

मग म्हातारा सुपरवायझर निवृत्त झाला आणि त्याच्या जागी नवा साहेब आला. माणूस वाईट नव्हता, हे मला तुला मुद्दाम सांगायचंय, कारण सगळं त्याच्यावर ढकलायचा प्रयत्न मी पुष्कळ वर्षं केला. तरुण, कानपूरकडचा, नीट बोलणारा. बेलापूरच्या मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायला एक मुलगी हवी होती आणि त्याने माझं नाव सुचवायचं कबूल केलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्याने दाराला टांगलेला खडा पाहिला आणि हसून मला विचारलं, "ये क्या, नज़र उतारने के लिए है?" मी त्याला सांगायला हवं होतं. भाताच्या झाकणाचं सांगायचं, नकाशाचं सांगायचं, दोन वर्षांच्या कोरड्या डब्यांचं सांगायचं. मी काय केलं, तर मीही हसले. म्हणाले, सर, गाववाले हैं, मानते हैं ऐसा. तू तेव्हा दहा हातांवर टेकू ठोकत होतास. ठोकणं एक क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. तू ऐकलंस की नाही ते मला माहीत नाही. तू घरी नेहमीसारखाच होतास.

त्याच ऑक्टोबरात एके दिवशी आईला ताप होता. सकाळी यार्डात येऊन तू टेकू ठोकलेस, खडा टांगलास आणि आईला दवाखान्यात नेऊन आणण्यासाठी निघालास. डब्यात विणकामाच्या यंत्रांच्या सुया होत्या, परदेशातून आलेल्या, लुधियान्याला जायच्या. तिकडे दिवाळीच्या आधी स्वेटरच्या कारखान्यांची घाई असते हे तुला त्या ट्रेलरवाल्यांकडून माहीत होतं. जाताना मला म्हणालास, "मी येय्‌परत दार लावू नको. मी नाय आलो त अकरा वाजता मिठाला हात लावून बग, न मंगच." मी हो म्हणाले. साडेआठला साहेब आला. मालगाडी लवकर निघणार होती, साडेनऊपर्यंत डबा रेल्वेच्या साइडिंगला पोचवायला हवा होता. त्याने विचारलं, कशासाठी थांबलोय. त्याने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हसू यायच्या आत मी जाळीचा तुकडा दांड्यावरून ओढून काढला आणि शेडमागे फेकून दिला. दोन माणसांनी दार लावलं. मी सील ठोकलं. कागदावर तुझ्या सहीची जागा रिकामी होती. तुझी सही मीच शिकवलेली, त्यामुळे मला ती तुझ्यापेक्षा बरी यायची. अकरानंतर तू परत आलास, घामाने निथळत, सायकल भिंतीला टेकवून थेट डब्याच्या जागेपाशी गेलास. दांडा नाही, डबा नाही. तू माझ्याकडे आलास आणि एवढंच विचारलंस, मीठ कसं होतं. मी टाइपरायटरवरून मान वर न करता म्हणाले, कोरडं होतं बाबा. तू आकाशाकडे बघितलंस. त्या सकाळची हवा तुला ठाऊक होती, तू तिच्यातूनच सायकल मारत आला होतास.

पंधरा दिवसांनी त्या सुयांचा मालक लुधियान्याहून स्वतः आला. म्हातारा सरदारजी, दोन रात्री गाडीत बसून आलेला, अंगातला लोकरी कोट काढून हातावर घेतलेला. त्याचा कारखाना म्हणजे घराच्या मागच्या खोलीत चार यंत्रं. माझ्या टेबलावर त्याने वर्तमानपत्राची पुडी उघडली. आत सुया होत्या, सगळ्या तांबूस झालेल्या. भांडायला आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो मला शांतपणे समजावत होता, मला कळत नसावं असं धरून. "बेटी, सुई को ज़ंग लग जाए तो वो धागा काटती है. बुनती नहीं." नवीन सुया मागवून यायला तीन महिने लागणार, तोवर तिकडची थंडी संपणार, आणि थंडी संपल्यावर स्वेटर कोण घेतो. तो पाणी प्यायला, पुडी पुन्हा नीट बांधली आणि साहेबाच्या खोलीत गेला.

मग चौकशी झाली. साहेबाच्या खोलीत तू उभा, साहेब बसलेला, आणि कागद इंग्रजीत म्हणून तुला वाचून दाखवायला मला बोलावलेलं. मी तुला वाचून दाखवलं. हवा कोरडी असताना डबा बंद केला. खाली तुझं नाव. साहेबाने विचारलं, ही सही तुझी का. तू कागद हातात घेतलास. सही बघितली नाहीस. कागद उलटा केलास आणि मागच्या बाजूने अंगठा फिरवलास, हळू, एकदा इकडून, एकदा तिकडून. मागची बाजू गुळगुळीत होती. मी पेन हलकं धरते. तू माझ्याकडे बघितलं असतंस तर मी तिथेच बोलले असते, असं मी स्वतःला सांगत आले. तू बघितलंच नाहीस. कागद टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, "सही माजीच हाय."

साहेबाने तुला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. तू शेडमध्ये जाऊन हत्यारं पिशवीत भरलीस, नकाशाचे चार खिळे उपटलेस, नकाशाची घडी करून माझ्या टेबलावर ठेवलीस. संध्याकाळी आपण दोघं चालत घरी गेलो, तू सायकल हातात धरून. मी मागे बसेन म्हणून तू एकदा थांबलास, मी बसले नाही. खाडीच्या पुलावर तू म्हणालास, वारा फिरला. घरी आईला सांगितलंस की नवीन साहेबाला तरुण माणसं हवीत. दिवाळीनंतर मला बेलापूरची जागा मिळाली. पहिल्या दिवशी तू मला स्टॉपपर्यंत सोडायला आलास आणि बस सुटेपर्यंत उभा राहिलास. तुझ्या चेहऱ्यावर मला राग दिसला असता तर मी त्याला धरून काहीतरी बोलले असते. तुझा चेहरा खरंच आनंदी होता. मी खिडकीतून हात हलवला.

त्यानंतर तू कुठे लागला नाहीस. सुतारकामाला बोलावणारे बोलवेनासे झाले, कारण तुझ्या सहीचा डबा भिजला हे गावात कळलं होतं, आणि गावातली पोरं तुला येता-जाता विचारायची, मीठ काय म्हणतंय आज. तू उत्तर द्यायचास. खरंच हवेचं सांगायचास, त्यांना वाटायचं तू गंमत करतोयस. दुपारी बांधावर जाऊन यार्डाच्या कुंपणाकडे तोंड करून बसायचास. लग्नानंतर मी महिन्यातून दोनदा यायची, बोलायचं ठरवून यायची, आणि मासे खाऊन परत जायची. तीन वर्षांनी पनवेलच्या दवाखान्यात तू पडून होतास तेव्हाही ऑक्टोबरच होता. पंखा गरम हवा फिरवत होता. आई जेवणाचा डबा धुवायला बाहेर गेलेली. तू डोळे उघडलेस आणि मला विचारलंस, लुधियान्याला थंडी पडली असेल ना. खरं सांगायला याहून सोपी जागा मला देवानेसुद्धा करून दिली नसती. मी म्हणाले, हो बाबा, पडली असेल. तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामाला मी लुधियान्याला गेले. दिवस तेच, दिवाळीच्या अलीकडचे. इथून निघाले तेव्हा पदर घामाने ओला होता आणि तिथे पहाटे उतरले तर ओठ फुटलेले, हाताची कातडी ओढलेली, सगळीकडे जळक्या पेंढ्याचा वास, अगदी ट्रेलरवाले सांगायचे तसा. तू सगळी हवा बरोबर सांगितली होतीस. तपकिरी स्वेटर मी बरोबर नेला होता. मला तो आता होत नाही, नुसता खांद्यावर टाकला. तिथल्या यार्डात त्यांनी इकडूनच गेलेला एक डबा माझ्यासमोर उघडला. माणसं आत जायच्या आधी मी एकटी दारात उभी राहिले. आत अंधार, आणि त्या अंधारात थेंब पडत होते. पाऊस नव्हता, नळ नव्हता, आकाश स्वच्छ होतं, आणि आत छपरावरून थेंब पडत होते, इथे एक, तिथे एक. तू ते कधी ऐकलं नव्हतंस. भाताच्या झाकणावरून तुला ते ऐकू आलं होतं. त्या सरदारजींची गल्ली कुठे आहे ते मला कागदावरून माहीत होतं. रिक्षा मी गल्लीच्या तोंडापर्यंत नेली आणि तिथूनच वळवली. स्टेशनवर बसून मला पहिल्यांदा नीट कळलं की आता यात दुरुस्त करण्यासारखं काहीच उरलेलं नाही. सांगायला तू नाहीस, आई नाही, तो म्हातारा असेल-नसेल. साहेब कधीचा दुसरीकडे गेला. मी चांगल्या पदावर आहे आणि उद्या निवृत्त झाले तर मला शाल देतील.

ही गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली आहे, माझ्या नवऱ्याला. त्याला सांगताना मी म्हणाले की घाईत मी मिठाकडे बघितलंच नाही, न बघताच सही ठोकली. तो म्हणाला, एवढंच ना, तू लहान होतीस, घाईत होतं असं. मला ते ऐकून बरं वाटलं होतं आणि मग मी स्वतःलाही तेच सांगत राहिले, इतकी वर्षं, की तू एकदा रागावला होतास तीच चूक माझ्याकडून पुन्हा झाली, बघितलं नाही आणि लिहिलं. आज ती पिशवी हातात घेतली तेव्हा बोटांना आठवलं. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला जागाच नाही, खणात त्या नकाशाच्या घडीत राहील. पण निदान त्यात खोटं राहू नये. साहेब यायच्या आधी, साडेआठच्याही आधी, मी एकटीच दारापाशी गेले होते आणि खड्याला हात लावला होता. बोटं ओली झाली. ती मी ओढणीला पुसली. बघितलं नाही असं नव्हतं बाबा, बघूनच लिहिलं होतं.